पिंपातला पावसाळा

जूनचे पहिले दोन-चार पाऊस झाले की लोकांच्या मोबाइलमधून एक ठरावीक फोटो फिरू लागतो. रस्त्यात पडलेला भला मोठा खड्डा, त्यात तुंबलेलं मातकट पाणी आणि खाली ओळ, ‘हे बघा डेंग्यूला आमंत्रण’. खड्ड्याबद्दलचा राग रास्तच आहे. त्यात दुचाकी आपटते, माणसं जायबंदी होतात. पण डेंग्यूशी त्या खड्ड्याचा संबंध फार थोडा. ज्या पाण्याला गाड्यांची चाकं दर मिनिटाला ढवळून काढतात, त्यात डासाची अळी आठवडाभर तग धरू शकत नाही. डेंग्यूच्या डासाला पाणी लागतं ते बऱ्यापैकी नितळ, न हलणारं आणि शक्यतो सावलीतलं. असं पाणी रस्त्यापेक्षा मोरीतल्या पिंपात, गच्चीवरच्या बिनझाकणाच्या टाकीत, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये आणि दिवाणखान्यातल्या मनीप्लँटच्या बाटलीत सापडतं. ‘साचलेलं पाणी’ हा शब्द एकच असला तरी त्याच्या पोटात तीन-चार निरनिराळी पाणी आहेत आणि त्यांचे आजारही निरनिराळे आहेत. ती वेगळी ओळखली नाहीत तर आपला राग, पालिकेचा पैसा आणि धुराचं यंत्र या तिन्ही गोष्टी भलत्याच पाण्यावर खर्च होत राहतात. त्याही पुढे जाऊन म्हणायचं तर, यातलं सर्वांत धोक्याचं पाणी आभाळातून जितकं येतं त्याहून जास्त नळातून येतं. जो नळ रोज येत नाही, त्या नळातून.

आधी डासांचीच ओळख करून घेऊ, कारण आपण सगळ्यांना एकाच टाळीत मारतो. रात्री कानाशी गुणगुणून झोप उडवणारा बहुधा क्युलेक्स. तो गटारात, तुंबलेल्या नाल्यात, सेप्टिक टँकमध्ये वाढतो. पाणी जितकं घाण, तितका तो खूश. विदर्भात नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत हत्तीरोग पसरवणारा तोच. दुसरा ॲनोफिलीस, म्हणजे हिवतापाचा. त्याला घाण पाणी चालत नाही. शहरातला ॲनोफिलीस स्टीफेन्साय तर विहिरी, टाक्या आणि बांधकामावर भरून ठेवलेलं पाणी यांवरच पोसला गेला आहे. तिसरा एडिस इजिप्ती. काळा, पायांवर पांढरे पट्टे, आकाराने लहान, आवाज जवळपास नाही. तो दिवसा चावतो, मुख्यतः सकाळी आणि दिवेलागणीच्या आधी, आणि टेबलाखालून घोट्याला चावून जातो. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका हे तिन्ही आजार त्याच्या खात्यावर. चावते ती मादीच, अंड्यांना रक्त लागतं म्हणून. एडिसची मादी मोठी सावध असते. माणूस जरा हलला की ती उठते आणि राहिलेलं रक्त दुसऱ्याचं घेते. एका जेवणासाठी ती दोन-तीन माणसांना टोचते, म्हणून एकाच घरात पाठोपाठ सगळ्यांना ताप येतो. ती फार लांब उडतही नाही, काहीशे मीटरची तिची मजल. डेंग्यूचा रुग्ण ज्या घरात आहे तिथला डास बहुतेक वेळा त्याच घरात, नाहीतर शेजाऱ्याच्या गॅलरीत जन्मलेला असतो. कोपऱ्यावरच्या नाल्याला दोष देणं त्यापेक्षा सोयीचं असतं, एवढंच.

या डासाची खरी करामत त्याच्या अंड्यांत आहे. क्युलेक्सची अंडी पाण्यावर तराफ्यासारखी तरंगतात आणि पाणी आटलं की मरतात. एडिसची मादी पाण्यात अंडी घालत नाही. भांड्याच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर जागी ती एकेक अंडं चिकटवते. ती अंडी वाळतात, काळ्या ठिपक्यांसारखी दिसतात आणि तशीच कित्येक महिने जिवंत राहतात. पाण्याची पातळी त्यांच्यापर्यंत चढली की अळी बाहेर येते आणि उबदार हवेत सात ते दहा दिवसांत तिचा उडता डास होतो. म्हणून पिंप नुसतं रिकामं करून भागत नाही. ते आतून काथ्याने किंवा ब्रशने घासावं लागतं. ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’ ही भिंतीवर रंगवलेली सूचना सगळ्यांनी वाचलेली असते, पण आठवडाच का, हे त्या भिंतीवर लिहिलेलं नसतं. कारण साधं आहे. सात दिवसांचं चक्र एकदा तोडलं तर ती पिढी उडायच्या आतच संपते. दहाव्या दिवशी तेच काम केलं तर बरेचसे डास उडून गेलेले असतात.

पावसाचा आणि तापाचा संबंधही त्यामुळे वाटतो तितका सरळ नाही. धो-धो पावसात छपरावरची, अंगणातली भांडी भरून वाहतात आणि अळ्या धुऊन जातात. धोका वाढतो तो उघडिपीत. चार दिवस झड, मग आठवडाभर ऊन, पुन्हा एक सर, असं झालं की डासांची पिढ्यान्‌पिढ्यांची सोय होते. त्यातही डेंग्यूच्या रुग्णाला चावलेला डास लगेच आजार देऊ शकत नाही. विषाणू त्याच्या पोटातून लाळेपर्यंत पोहोचायला आठ ते बारा दिवस जातात. हे सगळे दिवस जोडले की समजतं, आपल्याकडे डेंग्यूची लाट ऐन आषाढात न येता भाद्रपद-आश्विनात, लोकांनी छत्र्या आवरून ठेवल्यावर का येते. मुंबईत छपरावर अंथरलेली निळी ताडपत्री आणि ती उडू नये म्हणून वर ठेवलेले जुने टायर, ही जोडी तर एडिससाठी मुद्दाम मांडलेली वाटावी. टायरच्या पोटातलं पाणी कितीही हलवलं तरी पुरतं सांडत नाही आणि उन्हानेही सहजी आटत नाही.

आता जरा नकाशा पाहू. डेंग्यू-चिकुनगुनिया हे निव्वळ पावसाचे आजार असते तर भरपूर पावसाचं कोकण आणि घाटमाथा त्यांनी सर्वांत जास्त ग्रासला असता. पण चिकुनगुनियाची महाराष्ट्रातली गाजलेली पहिली साथ आली ती १९७३ मध्ये बार्शीला. सोलापूर जिल्ह्यातलं, अवर्षणाच्या पट्ट्यातलं हे गाव. त्यानंतर बत्तीस वर्षं देशात हा आजार जणू विसरला गेला. २००५-०६ मध्ये तो परतला तेव्हा आंध्र आणि कर्नाटकाबरोबर आपल्या मराठवाड्यातल्या कोरड्या गावांतही सांधे धरलेली माणसं भिंतीचा आधार घेऊन चालताना दिसू लागली. २००६ मध्ये देशभरातल्या संशयित रुग्णांची संख्या चौदा लाखांच्या घरात गेली. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये सापडला तो पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला, म्हणजे पुन्हा पर्जन्यछायेच्या मुलखात. या गावांना जोडणारा धागा पावसाचा म्हणता येणार नाही. माझ्या मते तो साठवणीचा आहे. जिथे पाणी चार दिवसांनी, आठ दिवसांनी येतं, तिथे घराघरांत रांजण, पिंपं, सिमेंटचे हौद, प्लास्टिकचे ड्रम असतात. पाणी जितकं दुर्मीळ, तितकी भांडी जास्त आणि तितकं ते न ओतता, न घासता ठेवलं जाण्याची शक्यताही जास्त. दुष्काळी गावातला हौद हा एडिसच्या हिशेबी बारमाही पावसाळाच असतो. खरा पाऊस आला की अंगणातल्या करवंट्या, फुटकी मडकी आणि गुरांच्या डोण्या त्याला येऊन मिळतात आणि साथ फुटते. हा तर्क सगळ्या साथी उलगडतो असा दावा नाही. पुण्याच्या भरवस्तीत २०२४ मध्ये झिकाचे रुग्ण निघाले. तिथे नळ आहेत, पण गच्चीवरच्या टाक्या, कुंड्यांखालच्या बशा आणि शेजारी चाललेली बांधकामंही आहेत.

हिवतापाची मुंबईतली कथा याच धाग्याची आहे आणि ती शंभर वर्षांहून जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहर हिवतापाने हैराण होतं. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी त्याची कारणं तपासून १९११ मध्ये अहवाल दिला. दलदलीकडे बोट दाखवतील अशी अपेक्षा असताना त्यांनी बोट दाखवलं ते वाड्या-चाळींतल्या विहिरींकडे आणि टाक्यांकडे. विहार तलावाचं नळाचं पाणी १८६० पासून शहरात होतं, तरी विहिरी तशाच उघड्या राहिल्या होत्या आणि त्यांच्या स्वच्छ, थंड पाण्यात स्टीफेन्साय सुखाने वाढत होता. त्या बुजवा किंवा बंदिस्त करा म्हटल्यावर विरोध झाला आणि तो नुसता हट्ट नव्हता. विहिरीचं पाणी पूजेला लागत होतं, त्यावर सूर्यप्रकाश पडलाच पाहिजे अशी श्रद्धा होती. शिवाय नळाच्या पाण्यावर भरवसा किती ठेवायचा, हाही प्रश्न होताच. हळूहळू बऱ्याच विहिरी झाकल्या गेल्या, कुठे झडपा बसल्या, कुठे जाळ्या. विहिरींची संख्या उतरली, पण डास गेला नाही. त्याने मुक्काम वर हलवला. आज तो गच्चीवरच्या टाक्यांत आणि बांधकामांवर असतो. स्लॅब टाकल्यावर तो तडकू नये म्हणून वर सिमेंटची आळी करून पाणी भरून ठेवतात, निदान सात दिवस, बरेचदा दहा किंवा अधिक. अळीला डास व्हायला नेमका एवढाच वेळ लागतो. शिवाय लिफ्टचे खड्डे, तळघरं, मजुरांची पिंपं. मजूर दूरच्या हिवतापाच्या भागातून आलेला असला तर जंतूही तिथेच हजर. गोव्याने हे ओळखून बांधकाम मजुरांच्या रक्ततपासणीची आणि आरोग्यपत्राची सक्ती कायद्यात आणली. या सक्तीत मजुरालाच आरोपी ठरवण्याचा धोका आहे, हेही सांगायला हवं. आळ्यांत पाणी भरायचा हुकूम त्याने दिलेला नसतो. हाच स्टीफेन्साय २०१२ मध्ये आफ्रिकेतल्या जिबूतीत सापडला आणि तेव्हापासून तिकडच्या शहरांना हिवतापाची नवी धास्ती लागली आहे.

इथे हमखास विचारलं जातं, मग धूर मारतात तो कशासाठी? धुराची गाडी गल्लीत आली की लोकांना बरं वाटतं, नगरसेवकालाही बरं वाटतं. परंतु त्या धुराने मरतो तो फक्त त्या क्षणी हवेत असलेला डास. एडिस तेव्हा खाटेखाली, पडद्यामागे, खुंटीवरच्या कपड्यांत बसलेला असतो आणि धूर येताना दिसला की आपण खिडक्या लावून घेतो. पाण्यातल्या अळ्यांना तर त्याचा पत्ताही नसतो. आठवड्याभरात नवी फौज तयार. साथ ऐन भरात असताना रुग्णाच्या घरात आणि आसपास फवारणी करणं योग्य आहे, कारण तिथले डास विषाणू बाळगून असू शकतात. पण दर शनिवारी सबंध वॉर्डात धूर काढणं हा बव्हंशी देखावा आहे. औषधावरच विसंबण्याची किंमत देशाने एकदा मोजलेली आहे. डीडीटीच्या जोरावर १९६५ पर्यंत हिवतापाचे रुग्ण लाखाच्या आसपास आले होते. पुढे डास डीडीटीला दाद देईनासे झाले, यंत्रणा सैलावली, शहरं दुर्लक्षित राहिली आणि १९७६ मध्ये आकडा चौसष्ट लाखांवर गेला. शहरांत अळीलाच पाण्यात गाठायचं हे धोरण त्याच पडझडीतून, १९७१ च्या नागरी हिवताप योजनेतून आलं. विहिरीत सोडायचे गप्पी मासे आणि टाक्या तपासत फिरणारे ‘मलेरियावाले’ ही त्याच धोरणाची दिसणारी खूण.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मग काय, गटारं आणि तुंबलेले रस्ते निरुपद्रवी समजायचे? अजिबात नाही. त्यांचा धोका वेगळा आहे, इतकंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, माणसं छातीएवढ्या पाण्यातून घरी गेली आणि पुढच्या काही आठवड्यांत मुंबईत लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचे, रुग्ण भराभर वाढले. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात उतरतात आणि पायावरच्या जखमेतून, भेगांतून माणसाच्या शरीरात शिरतात. कोकणात भाताच्या खाचरात अनवाणी उभं राहणाऱ्याला याची जास्त भीती. इथे झाकण लावून उपयोग नाही. गमबूट, जखमेवर पट्टी, कचऱ्याचा आणि उंदरांचा बंदोबस्त आणि तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलंच तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरला विचारून प्रतिबंधक गोळी, हे उपाय. पण रस्त्यावर तुंबलेल्या पाण्याचं आणखी एक काम फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि ते आपल्याला पुन्हा नळाकडे घेऊन जातं. पाण्याचा पाइप चोवीस तास भरलेला आणि दाबाखाली असेल तर गळतीतून पाणी बाहेर पडतं, बाहेरचं आत येत नाही. पुरवठा बंद झाला की दाब जातो आणि पाइप रिकामा होताना भेगेतून आजूबाजूचं पाणी आत ओढतो. पावसाळ्यात त्या भेगेभोवती काय साचलेलं असतं हे सांगायला नको. दुसऱ्या दिवशी नळ आला की पहिलं गढूळ पाणी येतं आणि त्याबरोबर जुलाब, कावीळ, विषमज्वर. नळ एक वेळ येतो म्हणून आपण पाणी साठवतो आणि नळ एक वेळ येतो म्हणूनच ते खराब होतं. डेंग्यू आणि कावीळ वरवर कितीही वेगळे दिसले तरी पाण्याच्या वेळापत्रकात त्यांची गाठ पडते.

आता कोरड्या दिवसाविरुद्धचा सगळ्यात रोकडा प्रश्न. आठ दिवसांनी मिळालेलं पाणी ओतून कसं द्यायचं? जी बाई डोक्यावर हंडे वाहून पिंप भरते तिला ‘पिंप रिकामं करा’ सांगणारा माणूस निर्बुद्ध तरी असतो किंवा त्याच्या घरी बोअर असते. पाणी फेकण्याची गरज नाही. पिंपाच्या तोंडाला सुती फडकं ताणून दोरीने आवळून बांधायचं, डासाला कडेने फट मिळता कामा नये. एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी काढताना ते फडक्याने गाळायचं, अळ्या गाळणीत येतात आणि त्या मातीवर झटकल्या की मरतात. गटारात झटकू नयेत, तिथे त्या जगू शकतात. मोकळं झालेलं भांडं घासून उन्हात पालथं घालायचं. मोठ्या हौदात गप्पी मासे, आणि जिथे तेही जमत नाही तिथे आरोग्य खात्याचं अळीनाशक. गाळून घेण्याची ही युक्ती कुणाला किरकोळ वाटेल तर त्याने नारू आठवावा. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरणाऱ्यांच्या पायातून हातभर लांब कृमी बाहेर येत असे. त्याच पायाने रुग्ण पुन्हा पाण्यात उतरला की कृमीची पिल्लं पाण्यात सुटत, सूक्ष्म जलकीटकांच्या पोटात जात आणि पिणाऱ्याच्या पोटात पोहोचत. त्यावर लस नव्हती, खात्रीचं औषध नव्हतं. पाणी फडक्याने गाळणं, पायऱ्या बंद करणं, हातपंप बसवणं आणि पाण्यात अळीनाशक टाकणं, एवढ्यावर १९८३-८४ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेने काम केलं. १९९६ मध्ये शेवटचा रुग्ण आढळला, २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचं मान्य केलं. अर्थात नारूला पंख नव्हते. एकाने गाळून पाणी प्यायलं की तो वाचत असे. डेंग्यूत माझं पिंप झाकलेलं असलं तरी शेजाऱ्याचं उघडं पिंप मला आजारी पाडू शकतं. म्हणून नारूइतकं निर्भेळ यश इथे मिळणार नाही. परंतु नारूच्या मोहिमेत फडक्याच्या जोडीला हातपंपही होता, ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. लोकांना नुसतं शहाणपण शिकवलं नाही, पाण्याची सोयही बदलून दिली.

घरोघरच्या शिस्तीने काय होतं हे सिंगापूरवरून दिसतं. कुंडीखाली अळी सापडली तर दंड, ही पद्धत तिथे साठच्या दशकापासून आहे, आणि तरी २०२० मध्ये त्या चिमुकल्या देशात डेंग्यूचे पस्तीस हजारांहून अधिक रुग्ण झाले. याचा आधार घेऊन काही जण म्हणतात की हे सगळं व्यर्थ आहे. उलटही पाहता येतं. तिथे दीर्घकाळ लागण कमी राहिली म्हणून लोकांत प्रतिकारशक्ती कमी, त्यामुळे थोडे डासही मोठी साथ आणू शकतात. पण एवढं मान्य करायला हवं की चोवीस तास नळ आणि कडक दंड असूनही एडिस उरतोच. म्हणूनच वोल्बाकिया हा जीवाणू टोचलेले डास सोडण्याचे प्रयोग चालू आहेत. इंडोनेशियात योग्यकर्ता शहरात त्यामुळे डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी घटल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. तंत्र आशादायक आहे, पण त्याची वाट बघत पिंपं उघडी ठेवावीत इतकं जवळ आलेलं नाही. आणि ताप आलाच तर दोन गोष्टी पक्क्या लक्षात असाव्यात. डेंग्यूत पॅरासिटामॉलखेरीज ॲस्पिरिन-आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. आणि ताप उतरला म्हणजे सुटलो असं समजू नये. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरतानाच पोटदुखी, सततच्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं सुरू झालं तर ती धोक्याची वेळ असते. पपईच्या पानांचा रस आणि प्लेटलेटचा आकडा यांच्या नादात नेमकी हीच वेळ हातची जाते.

राहिला प्रश्न जबाबदारीचा. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमानुसार डासांची पैदास होऊ देणाऱ्या मालकाला नोटीस बजावता येते, खटला भरता येतो. बिल्डरवर, बंद पडलेल्या गिरणीच्या मालकावर, टाकीचं झाकण न लावणाऱ्या सोसायटीवर ती जरूर बजावावी. पण ज्या वस्तीला दिवसाआड अर्धा तास पाणी मिळतं तिथल्या पिंपावर दंड लावणं म्हणजे पालिकेने आपल्याच कमतरतेची वसुली लोकांकडून करणं. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी देता येतं हे दाखवून दिलं, आणि ते काही गडगंज श्रीमंत गाव नाही. घरात पाणी हवं तेव्हा मिळेल अशी खात्री पटायलाही काही महिने जातात. तोवर जुनी पिंपं माळ्यावर जात नाहीत. हे सगळीकडे लगेच होणार नाही हे उघड आहे. तोपर्यंत एक साधं काम मात्र करता येईल. कोणत्या भागात किती दिवसांनी पाणी सोडलं याची वही पाणीपुरवठा खात्याकडे असते आणि कोणत्या भागात किती ताप निघाला याची वही आरोग्य खात्याकडे. जूनच्या आधी या दोन वह्या एका टेबलावर शेजारी उघडून ठेवाव्यात आणि ज्या भागात पाणी जास्त दिवसांनी येतं तिथल्या पिंपांना झाकणं आणि जाळ्या आधी पोहोचवाव्यात, धुराची गाडी मागून आली तरी चालेल.